दादाचा निखळलेला खांदा

सांगलीच्या एका दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते, तेव्हाची गोष्ट. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. थोरला भाऊ पलटणीतून रजेवर आला म्हणून मीही उंब्रजजवळच्या आमच्या गावी गेले. जत्रेचे दिवस होते आणि कुस्तीचा फड दिसल्यावर दादा थोडाच गप्प बसणार!

दुपारी माणसं त्याला धरून घरी घेऊन आली. चेहरा पांढराफटक, उजवा हात अंगापासून फाकलेला. खांद्याची गोलाई जाऊन तिथं कोपरा निघाला होता.

"गाडी जुपा, कराडला न्यायचं!" वडील ओरडले.

मी दादाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली. हलत होती.  हाच सांधा मी नुकताच सांगाड्यावर शिकले होते. उखळीत गोळा, पण उखळी बशीसारखी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. दवाखान्यात डॉक्टर एका रोग्याचा असाच खांदा बसवताना मी शेजारी उभी होते.

"आबा, मी बसवते. पण काखेत टाच लावावी लागंल."

आईनं कपाळाला हात लावला. थोरल्या भावाला पाय लावायचा!

दादाच दात आवळून म्हणाला, "लाव गं पाय! लय कळा येत्यात."

मी पदर खोचला. त्याला घोंगडीवर उताणं निजवलं, काखेत टाच टेकवली आणि मनगट धरून संथपणे ओढत राहिले. हिसका द्यायचा नव्हता. घाम डोळ्यांत उतरला. आणि खट्! गोळा आत गेलेला माझ्या टाचेलाच कळला.

"बसला!" मी एवढ्यानं ओरडले की गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

दादाचा हात झोळीत बांधला, तोवर अंगणात ही गर्दी! मी दिसेल त्याचा हातपाय वाकवून दाखवत सुटले. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, मान खुंटीवर फिरणारी, कवटीची हाडं मात्र शिवून टाकल्यासारखी, जागची न हलणारी.

"आसं व्हय!" आई म्हणाली. "मला वाटायचं, तुज्या आबांचंच डोकं तसं हाय."

मला शिकायला पाठवायला आबा वर्षभर नाही म्हणत होते. तेही हसले.

परतताना त्यांनीच मला सांगलीच्या मोटारीत बसवलं. "जपून न्या," ते ड्रायव्हरला म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय."