माझ्या शोधात निघालेला पाडा

ठाण्याहून निघताना बायकोनं डबा हातात दिला आणि म्हणाली, "लोकांचे दात उपटून मन भरलं नाही, म्हणून आता स्वतःचे पाडून घ्यायला निघालात." मी दातांचा डॉक्टर आहे. वय अठ्ठेचाळीस, दोन मजले चढले की धाप लागते, आणि गेल्या वर्षापासून मला विमानातून उडी मारायला शिकायचं खूळ लागलं होतं. का, ते तेव्हाही धड सांगता येत नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघणाऱ्याला कधीतरी मोकळं आभाळ बघावंसं वाटतं, एवढं म्हणून मी विषय टाळत असे.

मोखाड्याच्या पुढं, सूर्यमाळच्या वाटेवर, हौशी मंडळींच्या एका क्लबनं एक माळ भाड्यानं घेतला आहे. पावसाळा सरला की तिथं रोलर फिरवून मातीची धावपट्टी करतात, एक छोटं विमान आणतात आणि हिवाळाभर दर शनिवार-रविवार माणसं आभाळातून खाली सोडतात. विक्रमगडमार्गे गाडीनं जव्हारला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो. माझ्या बॅगेला लटकलेलं हेल्मेट बघून चहावाल्यानं विचारलं, "तुमी त्या आभाळातून पडनाऱ्यातले का?"

"पडत नाही हो, उडी मारतो," मी जरा फुशारकीनंच म्हणालो.

"खालून तं पडतानाच दिसता," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

जव्हार सोडल्यावर रस्ता चढउतार करत मोखाड्याकडं जातो. डिसेंबर होता. भात केव्हाच कापून झाला होता, खाचरात नुसती खुंटं उभी होती. पाड्यांवर (दहा-वीस घरांच्या वस्त्यांवर) बरीच दारं बाहेरून बंद दिसली. दिवाळीनंतर इथली तरणी माणसं वीटभट्ट्यांवर आणि मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मागं राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुत्री. गाडी जवळून गेली तरी ती कुत्री भुंकली नाहीत.

आमचे शिक्षक नाईकसर. पलटणीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. पहिले दोन दिवस त्यांनी मला जमिनीवरच ठेवलं. मोहाच्या झाडाला पट्ट्यांचा हार्नेस बांधलेला होता, त्यात मला लोंबकळत ठेवायचे आणि अचानक ओरडायचे, "छत्री बिघडली!" मग मी डोळ्यांनी छातीवरची लाल मूठ शोधायची, ती ओढून बिघडलेली छत्री सोडून द्यायची, आणि लगेच डावीकडची चंदेरी मूठ ओढून पाठीवरची राखीव छत्री उघडायची. हे मी इतक्या वेळा केलं की रात्री झोपेतही उशीचा कोपरा ओढत होतो.

छत्र्यांच्या तळावरचं बाकीचं आयुष्य म्हणजे वाट बघणं. वारा पडायची वाट, ढग सरकायची वाट, विमानात पेट्रोल भरून व्हायची वाट. तंबूखाली ताडपत्रीवर गुडघे टेकून लोक छत्र्यांच्या कापडाच्या घड्या घालत बसतात. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. आणि भोवताली तो माळ: कंबरेएवढं पिवळं गवत, त्यापलीकडं डोंगराची एक धार, आणि धारेच्या पलीकडं दरी. दुपारी वारा थांबला की सगळं इतकं गप्प होई की मी उगाचच खाकरत असे. पलीकडं वस्ती आहे, हे मला तीन आठवडे ठाऊकसुद्धा नव्हतं.

पहिल्या पाच उड्यांत शिक्षक सोबत होते. सहावी माझ्या एकट्याची. दारातून सुटलो, मोजलं, छत्री उघडली आणि वर बघितलं, तर दोऱ्यांना पीळ पडलेला. छत्री एका अंगावर कलली आणि मला गोफणीतल्या दगडासारखं गरगरा फिरवू लागली. मी घाबरलो का? हो, चांगलाच घाबरलो. पण हातांना मोहाच्या झाडाखालचा धडा पाठ होता. लाल ओढली. क्षणभर पुन्हा नुसतं पडणं. चंदेरी ओढली. राखीव छत्री फटकन उघडली आणि कानात एकदम शांतता झाली. सोडून दिलेली निळी छत्री वाऱ्यावर उडालेल्या लुगड्यासारखी हेलकावे खात दूर चालली होती. ती धारेपलीकडं बुडाली, आणि मी माळावर गवतात उतरलो. सकाळचे साडेदहा वाजले होते.

तळावर एक रीत आहे. राखीव छत्रीनं जीव वाचला की ती ज्यानं बांधली त्याचं आणि सगळ्यांचं तोंड गोड करायचं. मोखाड्याहून जिलेबी आणली. कुणीतरी स्पीकरवर गाणी लावली, मला खांद्यावर घेऊन नाचले, मीही नाचलो. निळी छत्री आणायला जायचं कुणी काढलंच नाही. ती काय पळून जाणार होती! जेवणं झाली, डुलक्या झाल्या, आणि चार वाजता नाईकसर म्हणाले, "चला डॉक्टर, तुमचं कापड घेऊन येऊ."

जीप धारेला वळसा घालून पलीकडं उतरली. रस्ता संपला तिथं ती सोडून आम्ही पायवाटेनं निघालो आणि एका पाड्यावर पोचलो. दहाबारा कुडाची घरं. एकाही घरातून धूर नाही. एका अंगणात नागली अर्धी झोडून तशीच टाकलेली, सूप उपडं पडलेलं. पाटावर पीठ मळून ठेवलं होतं, ते वाळून त्याला चिरा गेल्या होत्या. माणूस म्हणून दिसेना. नाईकसरांनी दोनदा "कोणी आहे का?" म्हणून हाक दिली. उत्तर आलं नाही. मला तिथून परत फिरावंसं वाटत होतं, पण तसं म्हणायची लाज वाटली.

शेवटच्या घरामागं आमची निळी छत्री होती. कुणीतरी ती नीट ताणून जमिनीवर पसरली होती आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. मधोमध पानावर भाताची मूद, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. जवळ एक म्हातारी गुडघे उभे करून बसली होती. तिनं मान वळवली नाही.

"आजी, ही छत्री आमची आहे," मी म्हणालो.

"तुमी त्याचे कोन?" तिनं विचारलं.

"कुणाचे?"

"पडला त्याचे."

मला कळायला थोडा वेळ लागला. "आजी, कुणी पडलं नाही. ही माझीच छत्री. मीच होतो तो."

तिनं वळून आधी माझ्या पायांकडं बघितलं. टाचा मागं आहेत ना, हे बघून झाल्यावर मग चेहऱ्याकडं. नाव तिचं सोनीबाय, हे नंतर समजलं. सकाळी पाड्यानं आभाळातून रिकामी छत्री येताना बघितली होती. छत्री आली, माणूस नाही, म्हणजे माणूस वेगळा कुठंतरी पडला. हातातली कामं टाकून जेवढी माणसं होती तेवढी रानात गेली होती, मला शोधायला. दोन बायका मोखाड्याला सांगायला चालत निघाल्या होत्या, कारण इथं फोन लागत नाही.

"मग आमच्याकडं का नाही आलात?" नाईकसरांनी विचारलं.

"तुमच्या माळावं गानी वाजत व्हती," ती म्हणाली. "मानूस पडला नि गानी लावली. तुमाला काय सांगायचं?"

मला सकाळची जिलेबी आठवली.

"बाकीचे कुठं आहेत?"

"धाकला माना (माझा) पोऱ्या दरीत उतरलाय. रामा. दुपारपासून तठंच (तिथंच) हाय. तठं कडा हाय खाली." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "एकच राह्यलाय आता."

आम्ही दरीच्या तोंडाशी धावलो. ऊन वरच्या कातळावर राहिलं होतं, खाली निळसर काळोख साचत होता. खूप खालून कोयत्यानं झुडपं तोडल्याचा आवाज येत होता. नाईकसर म्हणाले, तो आवाज येतोय त्याच्या वीसेक पावलांपुढं सरळ तुटलेला कडा आहे. वरून विमानातून त्यांनी तो कितीदा बघितला होता. मी तोंडाभोवती हात धरून जीव खाऊन ओरडलो, "रामाऽ! वर याऽ! मी आहेऽ! मी पडलो होतोऽ!"

समोरच्या कातळावरून माझेच शब्द परत आले, एकदा, दोनदा. कोयता थांबला. मग काहीच नाही. मी पुन्हा ओरडलो. खाली दगड गडगडले. तो वर येत नव्हता. माझ्या आवाजापासून लांब, आणखी खाली सरकत होता.

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि त्यावर एक खरखरीत तळवा घट्ट बसला. सोनीबाय मागून आली होती. "गप! तो मेलेल्याला हुडकतो, नि मेलेलाच त्याला वरून नावानं बोलवतो. त्यो येल का? पळंलच."

मी विज्ञान शिकलेला माणूस. पण त्या घटकेला मला तिचं म्हणणं अगदी बरोबर वाटलं. खालून बघणाऱ्याला मी मेलेलाच होतो, आणि माझी प्रत्येक हाक त्याला कड्याकडं ढकलत होती. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभा राहिलो.

सोनीबायनं हाक दिली. शब्द नव्हता त्यात, नुसता उंच, लांबलेला "होऽऽऽ". दरी गप्प. तिनं दुसऱ्यांदा दिली. गप्प. तिसऱ्यांदा देऊन ती थांबली आणि मान कलती करून ऐकू लागली. बऱ्याच वेळानं खालून तसंच बारीक "होऽ" आलं, आणि ती मटकन खाली बसली.

रामाला वर यायला अर्धा तास लागला. तिशीचा गडी, नडग्या काट्यांनी फाटलेल्या. मला बघून तो चार हात अलीकडंच थांबला. मग पुढं होऊन त्यानं माझं मनगट धरलं आणि गरम लागल्यावर सोडलं. "तुमीच का? बरा झाला," एवढंच म्हणाला. रानात गेलेली बाकीची माणसं एकेक करून परतली. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रामाचा थोरला भाऊ किसन मुंबईकडं इमारतीच्या कामावर होता. बाराव्या माळ्यावरून पडला. मुकादमानं घरी कळवलंच नाही. पाड्यावर बातमी आली तोवर त्याला बेवारस म्हणून जाळून टाकलं होतं. तेव्हापासून सोनीबायनं रामाला बाहेर कामाला धाडलं नव्हतं. रामा हे सांगत असताना सोनीबाय मध्येच माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजं नाव ठावं नव्हतं. नाव नाय तं हाक कशी मारायची? सकाळधरनं रानात किसन म्हनूनच हाका मारल्या तुला."

मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिनं छत्रीवरचं भाताचं पान उचललं. माझ्या नावानं मांडलेला घास, तो टाकायचा कसा आणि दुसऱ्या कुणी खायचा कसा? तिनं पान माझ्यापुढं ठेवलं. "तुजाच हाय. जेव." भात गार झाला होता, वरचे दाणे वाळून टोचत होते. सगळा पाडा भोवती उभा राहून बघत होता. मी एकही शीत न ठेवता तो खाल्ला. माझ्या मरणाचा भात मी जेवलो आणि वर तांब्यातलं पाणी प्यायलो. खरं सांगतो, विमानाच्या दारात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या घासांची वाटली.

परतीच्या वाटेवर मोखाडा, जव्हार, विक्रमगड कसे गेले ते आठवत नाही. घरी पोचल्यावर बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बंद करा म्हणेल. ती म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगितल्याशिवाय पुन्हा उडी मारायची नाही."

तसंच करतो. नाईकसरांनी तळावरची गाणी बंद केली, आणि छत्री सोडून द्यावी लागली की आधी माणूस पाड्यावर धावतो, मग बाकीचं. पण सोनीबायला सांगावं लागत नाही. ती दर शनिवार-रविवारी धारेवर येऊन बसते. विमानातून किती सुटले आणि माळावरून किती उठून चालू लागले, ते मोजते. शेवटचा उठला की लुगडं झटकून घरी जाते. मी नसतो त्या दिवशीही येते, असं नाईकसर सांगतात.

गेल्या महिन्यात उतरताना माझा पाय मुरगळला. कळ मस्तकात गेली आणि मी तसाच गवतात पडून राहिलो. गवत उंच, वरून मी दिसत नसणार. धारेवरून एक हाक आली, "किसनाऽऽ!"

अर्धवट उठत मी "ओ" दिली.