टेबलावरही आणि मांडीवरही

आमच्या घरचा पहिला कॉम्प्युटर मी अकरा महिने विचार करून घेतला. तेवढ्या काळात माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं, झालं आणि तिला दिवसही गेले.

खरं तर घाई होती. साताऱ्यात आमच्या पुढच्या खोलीत बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, टायपिंगचा क्लास होता. एके काळी सकाळी सहापासून असा खडखडाट चालायचा की दूधवाला खुणेनंच बोलायचा. नव्वदीचं दशक संपत आलं तशी पोरं विचारायला लागली, "मॅडम, कॉम्प्युटर कधी आणणार?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जायला लागली. सहा टाइपरायटर आणि तीन विद्यार्थी उरले तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, परवडेल आणि टिकेल असा एक कॉम्प्युटर बघा. सोमवार ते शुक्रवार इथं वापरीन, शनिवार-रविवार आष्ट्याला माहेरी क्लास घेईन. नाहीतर हा धंदा बंद."

हे काम तिनं एका भूगोलाच्या मास्तरला सांगितलं, ही तिची चूक. मी दोनशे पानी वही घातली. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना विचारलं, टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारलं, डॉक्टरांच्या इंजिनिअर मुलाला विचारलं. प्रत्येकानं आधीचा माणूस कसा अडाणी आहे ते नीट समजावून सांगितलं. वही भरली, डोकं रिकामं झालं!

शेवटी पुण्यातल्या एका दुकानात मला तो दिसला. जुना, पण चकचकीत लॅपटॉप. खाली जाडजूड स्टँड. दुकानदार म्हणाला, "टेबलावर स्टँडमध्ये बसवला की कॉम्प्युटर, उचलून मांडीवर घेतला की लॅपटॉप. टू-इन-वन, साहेब!" (आमच्या घरी टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेप. त्यातला रेडिओ खरखरायचा आणि टेप कॅसेट खायचा. तरी मला शहाणपण आलं नाही.)

घरी आणून टेबलावर बसवला. उत्तम चालला. सुनंदा म्हणाली, "एकदा स्टँडवरून काढून बघू या का?"

"अजिबात नाही! सारखी काढ-घाल केली की पिना झिजतात. दहा वर्षं वापरायचाय!"

महिनाभर क्लास टेबलावरच चालला, पण स्टँडवरून हलवायला मी कुणाला हात लावू दिला नाही. रोज धुतलेल्या रुमालानं पुसायचो. आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा इतक्या वेळा पुसला गेला नव्हता.

आष्ट्याच्या क्लासचं उद्घाटन ठरलं. सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी सोप्यातली खताची पोती हलवली, चुना मारून घेतला, सगळ्या गल्लीला आवतण दिलं. नऊ मुलींनी आधीच नावं घातली होती. आम्ही एसटीनं कराड, इस्लामपूर करत पोचलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर. जड स्टँड अर्थातच साताऱ्यात. त्यासाठीच तर टू-इन-वन घेतला होता!

हार घातला, पेढे मांडले. चाळीस माणसं माना उंच करून बसली. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली. पासवर्ड मागत होता! महिन्याभरात त्यानं कधी आमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"काय म्हंतंय त्ये?" सासूबाईंनी विचारलं.

"पासवर्ड मागतोय."

"हात्तिच्या!" सुभेदार खुलले. "पलटणीत आमी रोज नवा ठेवायचो. सीमेवर हुतो तवा 'गुलाब' हुता. टाका!"

दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून मी 'गुलाब' टाकलं. नाही चाललं. मागून कुणीतरी 'जोतिबा' सुचवलं. तेही नाही. "आमच्या म्हशीचं नाव टाकून बघा, लय गुणाची हाय," एक आजोबा म्हणाले. ते टाकल्यावर लॅपटॉपनं लांब शिट्टी मारली आणि पडदा पार विझला.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावलो. पुण्याचा दुकानदार शांतपणे म्हणाला, "स्टँडवरून काढलात का? मग तो चोरी झाली समजून कुलूप लावतो. पासवर्ड पहिल्या मालकाला माहीत. ते परदेशी गेले. तुम्ही स्टँडवरच वापरा, छान चालेल!"

"मग टू-इन-वन कसा?"

"दोन्ही आहेत की त्यात. एका जागी!"

परत येऊन मी एवढंच म्हणालो, "स्टँड राहिलं."

"स्टँडवर राहिलं?" सुभेदार गरजले. "अरं, पळा रं!" मला थांबवता येण्याआधी दोघे मेहुणे मोटारसायकलवरून एसटी स्टँडकडे सुटले. दहा मिनिटांत एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. त्यांच्या मागून सायकलवर, धापा टाकत आणि आईबहिणीचा उद्धार करत, ट्रंकेचा मालक! त्याला पेढे देऊन शांत केला. त्यानं चार खाल्ले आणि उद्घाटनालाच बसला.

हळूहळू माणसं उठली. पाच मुलींचे आईबाप "बघू म्होरं" म्हणून गेले. सुनंदा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नावं लिहिलेला कागद घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. दोनशे पानं लिहिली, पण तिचं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

मी तसाच सातारला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्याएवढं जड ते स्टँड खांद्यावर घेऊन आष्ट्यात उतरलो. राहिलेल्या चार मुली आल्या होत्या. सुनंदानं मशीन बसवलं, चालू केलं आणि पहिलीला म्हणाली, "भिऊ नकोस. ये, बस." दिवाळीपर्यंत चाराच्या चौदा झाल्या. ते सगळं तिचं कर्तृत्व. माझा वाटा दर शनिवारी हमालीचा.

पुढच्या वर्षी सासूबाईंना मिक्सर घ्यायचा होता. त्यांनी आवर्जून मला सांगलीला बरोबर नेलं. मला भरून आलं. दुकानात पाच मिक्सर मांडलेले. "आवं जावईबापू, तुमास्नी ह्यातला कंचा चांगला वाटतो?" मी प्रत्येकाचं झाकण उघडलं, वायर तपासली, वजन पाहिलं आणि अर्ध्या तासानं मधल्यावर बोट ठेवलं.

सासूबाई दुकानदाराकडे वळल्या. "त्यो आत ठेवा. आता ऱ्हायलेल्या चारांतला कुटलाबी द्या."