बावीस आत, एक बाहेर

मोजणी कार्यालयात त्यांना सगळे ‘आत-बाहेर काका’ म्हणत, तेही तोंडावर. काकांना त्याचा राग येत नसे, कारण दिवसभर ते खरोखर तेवढंच करत. टेकडीचं एक अंग खचायला लागलं होतं. साहेबांनी नकाशावर धोक्याची हद्द आखली होती, आणि कुठलं घर तिच्या आत, कुठलं बाहेर, हे काकांची संगणकावरची शीट ठरवायची. आतल्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत हलवायचं होतं. बाहेरच्यांनी आहे तिथंच राहायचं.

शीटमध्ये एकीकडे हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, दुसरीकडे घरांचे. प्रत्येक घरापासून सरळ पूर्वेकडे एक रेघ निघते असं धरायचं आणि ती हद्दीला किती वेळा ओलांडते ते मोजायचं. आकडा विषम आला तर घर आत, सम आला तर बाहेर. हे सूत्र काकांनी स्वतः बसवलं होतं, आणि वरवर कितीही साधेपणा दाखवला तरी त्याचा त्यांना भारी तोरा होता.

मंगळवारी त्यांच्याच गल्लीची पाळी आली. तेवीस घरं. बावीस आत, एक बाहेर. बाहेरचं घर काकांचं.

दुसरा कोणी सुटलो म्हणाला असता. काकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बायको गेल्याला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि गल्लीत काका कुणाकडे जात नसत. पण भिंतीपलीकडून गल्ली त्यांच्याकडे येत असे. शिंपीणबाईंचं मशीन, निवृत्त ड्रायव्हरचा खोकला, कुणाच्या तरी नातीचे चुकलेले पाढे. चुकलेला पाढा काका इकडे एकटेच दुरुस्त करत. तेवढीच त्यांची सोबत, आणि आता ती सगळी एका यादीसरशी उठून जाणार होती.

चूक असणारच, असं म्हणून ते कामाला लागले. हद्दीचा पहिला कोपरा शेवटी पुन्हा लिहावा लागतो, नाहीतर शेवटची बाजू उघडी राहते आणि भलतीच घरं बाहेर पडतात. नवखे हमखास तिथं फसतात. काकांनी पाहिलं, कोपरा जागच्या जागी होता. रकाने उलटसुलट झालेले नव्हते. शेवटी त्यांनी आलेखाच्या कागदावर पट्टीनं रेघ ओढली. तिनं हद्द दोनदा ओलांडली.

त्यांनी घर मोजणाऱ्या मोजणीदाराला गाठलं. “माझ्या घराचा अक्षांश-रेखांशाचा आकडा कुठं उभं राहून घेतलास?”

“दारात, काका. एक घर, एक दार, एक आकडा. नियम तुम्हीच शिकवलात.”

दार म्हटल्यावर काकांच्या ध्यानात आलं. बायको गेली तेव्हा गल्लीतली माणसं रोज समाचाराला येऊन बसत. तेच ते शब्द ऐकून त्यांचा जीव इतका विटला, की त्यांनी गल्लीकडचं दार विटांनी बुजवून टाकलं आणि मागच्या रस्त्याकडे नवं काढलं. जुन्या दारापासून नवं अकरा मीटरवर होतं. हद्द नेमकी त्या अकरा मीटरांमधून गेली होती.

रिकाम्या ओळीत त्यांनी जुन्या दाराचा आकडा टाकून पाहिला. शीट म्हणाली, आत.

मोजणीदार मागून बघत होता. “राहू द्या की तोच. अकरा मीटर कोण मोजायला येतंय?”

काकांचं बोट बराच वेळ बटणावर टेकलेलं होतं. मोह झाला, चांगला सणसणीत झाला. पण गेल्याच आठवड्यात एक न्हावी इथंच हात जोडून उभा होता, माझं घर तेवढं बाहेर काढा म्हणून, आणि काकांनी त्याला तोंड वर करून नियम ऐकवला होता. शिवाय दार म्हणजे जिथून माणूस आत येतं ते. त्या भिंतीतून बारा वर्षांत कोण आलं होतं? त्यांनी ओळ पुसली.

गुरुवारी यादी फळ्यावर लागली. शिंपीणबाई बघायला आल्या. यादीवरून बोट फिरवत तेविसाव्या नावाशी थांबल्या.

“सुटलात हो भावोजी! आम्ही आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं.”

“हो, सुटलो,” काका म्हणाले. त्या जायला वळल्या तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. “वहिनी, तिकडे गेलात तरी अधूनमधून येत जा घरी. सगळेच या.”

शिंपीणबाईंना बरं वाटलेलं दिसलं. “येऊ की! न यायला काय झालं?” त्या म्हणाल्या, आणि मग जरा संकोचून विचारलं, “पण भावोजी, तुमचं दार आता नेमकं कुठल्या बाजूला आहे?”