खळ लावून चिकटवलेलं कलम

धुळ्याला ज्या वकिलांच्या हाताखाली मी वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास केला, ते आम्हा चौघांना रोज सकाळी एका जुन्या वहीतून टिपणं सांगत. वही त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतली. कलमं पाढ्यांसारखी घोकायची, शंका काढायची नाही. एकोणीसशे तेवीस साली फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात मोठे फेरबदल झाले, तरी वही तीच राहिली. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, आधी जुनं पाठ करा, नवं आपोआप येतं. आपोआप कसलं येतंय डोंबल.

नवं आलं ते छापील चिठ्ठ्यांच्या रूपानं. गुरूंच्या कायद्याच्या पुस्तकात त्या जागच्या जागी चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस खळ लावत बसलो. एकही ओळ वाचली नाही, कारण परीक्षेला वही पुरत होती. परीक्षकही त्याच पिढीचे असावेत. मी पास झालो.

सनद मिळाली त्याच वर्षी साक्रीकडची एक बाई माझ्याकडे आली. बांधावरच्या भांडणात तिनं दिराच्या हातावर विळा मारला होता. पहिलाच गुन्हा, तोही कबूल केलेला. घरी दीड वर्षाची मुलगी, म्हणून तुरुंग टळावा एवढंच तिचं मागणं. पण वहीप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला मुचलका घेऊन सोडायची सवलत चोरीसारख्या लहान गुन्ह्यांनाच होती, हत्याराच्या दुखापतीला नव्हती. मी ती मागितलीच नाही. तिला चार महिने झाले.

अपिलाची मुदत उलटल्यावर जळगावला गेलो होतो. तिथे अगदी तसल्याच खटल्यात एका वकिलानं आपल्या पक्षकार बाईला मुचलक्यावर सोडवलं. कलम पाचशे बासष्ट. फाशी-काळ्या पाण्याचे गुन्हे सोडले तर नव्या कायद्यानं ते कोणत्याही बाईला लागू होतं. धुळ्याला परतून गुरूंचं पुस्तक उघडलं. चिठ्ठी होती, माझ्याच हातची, जरासुद्धा वाकडी नाही. गुरूंना दाखवली. ते नुसतं 'हं' म्हणाले आणि नव्या मुलांना वह्या काढायला सांगितल्या. त्यांचा भयंकर संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

साक्रीकडची बाई सुटल्यावर मी तिच्या गावी गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. ती खाली मान घालून ऐकत होती.

"मंग हाई आते काब्र सांगी राह्यनात, भाऊ?"

आता कशाला सांगतोय, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिनं नणंदेच्या कडेवरच्या मुलीकडे हात पसरले. मुलीनं नणंदेच्या खांद्यात तोंड लपवलं.