कोरडं आणत जा

माझ्या आईनं देवाला आणलेल्या भाकऱ्या चर्चच्या आवारात बैलांपुढं टाकल्या गेल्या. तिच्या डोळ्यांदेखत. आणि ती म्हणाली, "व्हय जी."

कापणीचा सण होता. ज्वारी निघाली की सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे असेल ते देवापुढं आणायचं. भोपळे, अंडी, कणसांच्या पेंढ्या, एखादी कोंबडी. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव. येईल तो पैसा मंडळीच्या कामाला. मला फार आवडायचा तो सण. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडं पिकणार काय? बाप गेलेला. मी गिरणीत रीळ खात्यात होते, वीसेक वर्षांची. आई लोकांच्या शेंगा फोडायला जायची. दर सणाला ती पदरात शेरभर ज्वारी बांधून न्यायची. त्या वर्षी म्हणाली, "औंदा भाकरी नेते."

मी हसले. "भाकरी कुणी नेतं का गं सणाला?"

तर तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग बोलली. माढ्याकडच्या एका गावच्या महारवाड्यातली ती. लहानपणी रोज तिन्हीसांजेला गावात भाकरी मागायला जायची. बाया वरून टाकायच्या. शिळी, आंबलेली.

"लई मागितली, पोरी," ती म्हणाली. "मला एकदा द्यायची हाय."

एवढंच हवं होतं तिला.

पहाटे उठून तिनं अकरा भाकऱ्या थापल्या. चुलीच्या कडेला उभ्या करून कडक केल्या. शेंगाची चटणी कुटली. मला गिरणीतून मिळालेलं कोरं फडकं काढलं. पीठ मळण्याआधी तिनं तीनदा हात धुतले. मला ते दिसलं, पण कळलं नाही.

लिलाव मंडळीचे पंचसाहेब पुकारायचे. शाळेत मास्तर, आवाज गोड. त्यांचे वडील ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते. आम्ही महाराचे. पण प्रभूपुढं सगळे सारखे, असं तेच दर रविवारी सांगायचे. भोपळा गेला. कोंबडी गेली. पंचसाहेबांच्या घरून आलेल्या करंज्यांवर तर नुसती चढाओढ. घेणाऱ्यानं तिथंच ताट फिरवलं, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनीही एक उचलली.

मग आईचं फडकं उघडलं.

"भाकरी. कोण घेतंय?"

कुणी नाही. पुढच्या बायांनी नाकं मुरडली. आमच्यातले खाली बघायला लागले. घरी ह्याच भाकऱ्या खाणारे! आणि मी? माझ्या कनवटीला दोन आणे होते. मी तोंड उघडलं नाही. ते मला आजही डाचतं.

पंचसाहेब हसले. "बाई, ज्वारी आणायची की. शिजवलेलं कशाला? कोरडं आणत जा, कोरडं." मग सणाचा माल घेऊन आलेल्या गाडीवानाला म्हणाले, "घाल रे बैलांना. मुक्या जनावराला दिलेलंही देवाला पोचतं."

लोक हसले. आईनं मान डोलावली. "व्हय जी."

कोरडं. हा शब्द मी आईच्या तोंडून कितीदा ऐकला होता. तिच्या गावच्या जत्रेत महारवाड्याचं धान्य चालायचं. लांबून, कोरडं. शिजवलेलं आणलं तर देव बाटायचा. तो देव सोडून आम्ही हितं आलो होतो. आणि हितंही तेच! नुसता क्रूस लावलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बैलांकडं गेले. दोन भाकऱ्या संपल्या होत्या. उरलेल्या नऊ उचलल्या, धूळ झटकली, वरच्या दोन-तीन लाळेनं ओल्या झाल्या होत्या त्या बाजूला काढल्या. चांगली एक घेऊन थेट पाळकसाहेबांच्या खुर्चीपुढं उभी राहिले. माणूस वाईट नव्हता. हिवतापात आम्हाला कोयनेल आणून द्यायचा.

"पाळकसाहेब, एक घास घ्या."

त्यांनी पंचसाहेबांकडं पाहिलं. "आज जरा पोट ठीक नाही, मुली."

"आत्ताच करंजी खाल्लीत की."

आईनं माझा पदर ओढला. "चल गं. पाया पडते तुझ्या, चल."

घरी ती रडली. भाकऱ्यांसाठी नाही. मी पाळकसाहेबांना उलटून बोलले म्हणून. मी तिच्यावरही ओरडले. अजून किती दिवस 'जी, जी' करणार म्हणून. ते बोलायला नको होतं. ती भिंतीकडं तोंड करून निजली.

आमच्यात रोज स्वयंपाकाआधी देवाच्या नावानं मूठभर धान्य बाजूला काढायची चाल. महिन्याला रूथबाई पिशवी घेऊन यायच्या. त्या घरोघरी बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवत आणि ते धान्य मंडळीसाठी गोळा करत. सणानंतर त्या आल्या तेव्हा मी पाट मांडला.

"बसा. आधी जेवा, मग मूठ न्या."

"मी जेवून आले, बाई."

"मग पाणी तरी घ्या."

त्या पाणीही न घेता गेल्या. चार दिवसांनी पाळकसाहेब आले. उंबऱ्याबाहेर उभे. आई पदर सावरत उठली.

"दान देवाचं असतं, मुली," ते म्हणाले. "आपण नुसते कारभारी."

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "ह्या मुठीचा कारभार देवानं माझ्या हातात दिलाय, तुमच्या पंचांच्या न्हाय. जो माझ्या घरी जेवंल, त्याच्याच पिशवीत ती पडंल. या आत. पाट मांडलाय."

आई भिंतीला टेकून उभी होती. पण ह्या वेळी ती "व्हय जी" म्हणाली नाही.

पाळकसाहेब परत गेले.

त्याला सहा वर्षं झाली. कुणी आलेलं नाही. रोज निघणारी मूठ आता रीळ खात्यात जिचं काम सुटलंय तिच्या घरी जाते, आणि मी तिच्याकडं जेवून येते. येशू काही त्यांच्या वाडवडिलांची जहागीर नाही, म्हणून मंडळी मी सोडलेली नाही. दर रविवारी बायकांच्या पहिल्या रांगेत बसते. अर्पणाची थैली येते. पंचसाहेब ती माझ्यापुढं धरतात. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देते आणि ती रिकाम्या हातानं पुढं सारते. मरेपर्यंत सारीन.