गोवर्धनने सांगितलेला भाव

आपल्याला आजवर कोणी फसवलं नाही, अशी बाळापूरच्या गोवर्धनची पक्की समजूत होती. त्यामुळे पंपाच्या कंपनीचे दहा शेअर रात्री मोबाइलवर दिसलेल्या भावापेक्षा सकाळी महाग पडले, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. वांग्यांची तोडणी बायकोवर, मनकर्णाबाईवर टाकून तो बांधावर बसला आणि त्याने ब्रोकरला फोन लावला.

"रातच्याले एक भाव दावला अन् सकाळी जास्तीनं घेतले. हे कोनती रीत?"

फोन उचलणारी ज्योत्स्ना पुण्याच्या ऑफिसात बसत असली तरी मूळची अमरावतीची. ही बोली कानावर पडताच ती कंपनीची ठेवणीतली भाषा विसरली. "काका, भाव आमी नाई ठरवत. तुमची ऑर्डर आमी रातभर ठेवली अन् बजार उघडल्यावर पुढं पाठवली. तुमी 'मार्केट' निवडलं होतं. म्हंजे जो भाव असंन त्या भावानं घ्या."

"मंग काय कराले पाह्यजे होतं?"

"'लिमिट' टाकाची. घेताना याच्या वर नाई, विकताना याच्या खाली नाई. पण तो भाव आलाच नाई, तं दिवस संपला का ऑर्डर रद्द. मंग मले फोन करू नका."

गोवर्धनने फोन ठेवला. शेअरचं दुःख केव्हाच मागे पडलं होतं. तीस वर्षं तो अकोल्याला शेखर अडत्याकडे वांगी पाठवत आला होता, आणि दर खेपेला निरोप एकच: जो भाव येईल तो. आपल्याच मालाचा भाव त्याने एकदाही सांगितला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी क्रेट गाडीत चढवतानाच त्याने शेखरला फोनवर भाव सांगितला. "याच्या खाली देऊ नोको. नाई गेले तं वापस पाठव."

"तब्येत बरी हाये ना, गोवर्धनभाऊ?" शेखरने विचारलं.

संध्याकाळी सगळे क्रेट परत आले. शेअर पडून सुकत नाहीत, वांगी सुकतात, हे काही त्या पोरीने सांगितलं नव्हतं. मनकर्णाबाईने क्रेटवर ओलं पोतं टाकलं आणि वांग्याचीच भाजी केली. तिची दिवसभराची मेहनत आता गुरांपुढे जाणार, हे त्याला दिसत होतं. तरी सकाळी त्याने माल पुन्हा पाठवला, भाव तोच सांगून.

दुपारी शेखरचा फोन आला. बाजारात वांगी कमी आली होती. माल गेला, गोवर्धनने सांगितलेल्या भावाने.

तो धावतच वावरात गेला आणि त्याने बायकोला भाव सांगितला. मनकर्णाबाईने हातातलं वांगं टोपलीत टाकलं.

"तीस वर्सं वांगे मी तोडून राहिली," ती म्हणाली. "उद्याचा भाव मी सांगतो. तुमच्यापक्षा जास्तच सांगीन."