कणसांची साखर

प्रयोगशाळेत आज दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचं पोतं आलं आणि मला आई आठवली. अशाच कणसांपासून आम्ही पहिल्यांदा साखर काढली, तेव्हा मी चिमूटभर पुडीत बांधून दवाखान्यात तिच्याकडे नेली होती.

"ही आपल्याला पचत नाही, आई. पोटातल्या चांगल्या जिवाणूंना पोसते."

"म्हणजे दुसऱ्यांसाठीच खायची," ती हसली. मग साखर जिभेवर ठेवून तिने डोळे मिटले. "गोड आहे गं. छान जमलीय."

कॅन्सरच्या उपचारांनी तिच्या जिभेची चव पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं. आयुष्यभर ती माझ्यासाठी असं किती वेळा खोटं बोलली असेल, ते आता कुणाला विचारू?